फॉल्ट दिसला म्हणजे ओर सापडलं असं नाही: लोहखनिज शोधताना या चुका टाळा

बेलापूरच्या एसी ऑफिसात बसून गडचिरोलीच्या डोंगरावर रेघा मारणाऱ्या नव्या पोरांचे रिपोर्ट तपासायला माझ्याकडे येतात. प्रत्येक रिपोर्टमध्ये एक वाक्य असतंच: ‘येथे फॉल्ट असल्याने लोहखनिजाची शक्यता अधिक आहे.’ हे वाचून वाचून माझे डोळे दुखायला लागलेत. म्हणून एकदा लिहूनच टाकतो. (फॉल्ट म्हणजे खडक तुटून जिथे सरकलाय ती भेग; ओर म्हणजे खाणीतून काढण्याजोगं खनिज.)

फॉल्टला लोखंडाचा मालक समजणं

ही सगळ्या चुकांची आई. फॉल्ट लोखंड आणत नाही. निदान आपल्याकडच्या मोठ्या साठ्यांत तरी लोखंड आधीपासून तिथेच होतं, पट्टेदार खडकात. खाणीवर त्याला बीएचक्यू म्हणतात: हेमॅटाइटचा (लोहाच्या खनिजाचा) एक पट्टा, सिलिकाचा (वाळूतल्या द्रव्याचा) एक पट्टा. जगातले बहुतेक मोठे पट्टेदार थर २५० कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने, समुद्राच्या तळाशी साचलेले. त्यात लोह साधारण ३० टक्के. ते ६० च्या वर जायचं तर सिलिका धुऊन निघायला हवी, आणि त्यासाठी पाणी आत शिरायला हवं. फॉल्टचं काम इथे सुरू होतं. खडकाचा चुरा करून तो पाण्याला वाट देतो. पाणी वरून मुरलेलं पावसाचं होतं की खालून चढलेलं गरम, यावर भूवैज्ञानिक अजून भांडतात, पण वाट बहुधा तीच. ऑस्ट्रेलियातल्या हॅमर्सली भागात माउंट टॉम प्राइसच्या खाणीत सदर्न बॅटर फॉल्टजवळ या गोष्टीचा बारकाईने अभ्यास झालाय.

पण मुळात पट्टेदार खडकच नसेल तर?

पुरावा हवा असेल तर लांब जाऊ नका. आपल्या ठाण्या-पनवेलच्या पट्ट्यात भेगांची काय कमी आहे? पनवेल फ्लेक्शरवर, म्हणजे खडक जिथे वाकलेत त्या पट्ट्यात, बेसॉल्टचे थर समुद्राकडे कललेत, त्यांत डाइक (भेगांत गोठलेल्या लाव्हाच्या भिंती) घुसलेत. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीला गरम पाणी वर येतंय. भेग आहे, पाणी आहे, उष्णताही आहे. लोहखनिजाची खाण आहे? नाही. कारण हा सगळा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात लोह साधारण दहा टक्के, तेही खडकभर विखुरलेलं आणि सिलिकेट खनिजांत अडकलेलं. (आणि कृपा करून माथेरानहून उचललेला लाल जांभा ‘सर, हे ओर का?’ म्हणून माझ्या टेबलावर ठेवू नका. टेबलावर जागा उरलेली नाही.)

माझी सवय सांगतो. पहिल्या नकाशावर मी एकही फॉल्ट काढत नाही. फक्त पट्टेदार खडक रंगवतो. लोहखनिजाचा डोंगर सुरजागड असो, बैलाडिला असो, आधी तो पट्टा. मग ट्रेसिंग पेपर ठेवून वर फॉल्ट. जिथे फॉल्ट पट्ट्याला कापतो तिथेच पेन्सिल थांबते. संगणकावर हे दोन मिनिटांत होतं असं पोरं सांगतात. होतं, आणि त्या दोन मिनिटांत कुणी विचार करत नाही.

सॅटेलाइटवरची प्रत्येक सरळ रेघ म्हणजे फॉल्ट

सरावासाठी एकाला येऊरच्या बाजूचा भाग दिला होता. त्याने काढलेली सगळ्यात ठसठशीत लिनियामेंट, म्हणजे सरळ रेघ, ही पाण्याची पाइपलाइन निघाली. पुढे काही लिहीत नाही. पायात बूट घाला आणि जाऊन बघा.

फॉल्ट आधीचा की नंतरचा, हे न विचारणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे पैसे बुडतात. ओर बनण्याआधीचा फॉल्ट पाण्याला वाट देतो. नंतरचा फॉल्ट तयार ओर कापून वरखाली सरकवतो. खाली सरकलेला तुकडा पुष्कळदा झीज होण्यापासून वाचतो, आणि वर उचललेला डोंगराबरोबर झिजून जातो. नकाशावर दोन्ही एकाच तुटक रेघेने दाखवतात, आणि नवशिक्या दोन्हींकडे एकाच आशेने बघतो.

एका खाणीचं सांगतो, नाव नको. थर पूर्वेकडे कललेले. एकाच सेक्शनवर (जमिनीच्या उभ्या छेदावर) पहिल्या तीन बोअरना छान ओर लागलं. चौथं बोअर उताराच्या दिशेला, पूर्वेला. अपेक्षित खोलीवर ओर नाही, शेल (चिखलाचा थरदार खडक). आणखी थोडं खाली गेले, तरी शेल. बोअर बंद केलं, लॉगवर (बोअरच्या नोंदीत) ‘ओर संपलं’ लिहिलं, आणि साठ्याच्या हिशेबातून डोंगराचा पूर्वेकडचा अख्खा भाग कापून टाकला. सेक्शन माझ्यापुढे आला तेव्हा मी त्या मुलाला एकच विचारलं, ‘अरे, हा शेल वरचा की खालचा?’ तो म्हणाला, ‘सर, शेल म्हणजे शेल.’

त्या डोंगरात ओरच्या वर एक शेल होता आणि खाली दुसरा, रंगाने आणि पोताने वेगळा. आम्ही कोअर (बोअरमधून निघालेले खडकाचे दंडगोल) ठेवलेले बॉक्स उघडले. चौथ्या बोअरमध्ये शेवटपर्यंत वरचाच शेल होता. म्हणजे ओर संपलेलं नव्हतं, बोअर तिथपर्यंत पोहोचलंच नव्हतं. मग तिसऱ्या बोअरच्या वरच्या भागातले बॉक्स काढले. एका ठिकाणी लॉगमध्ये ‘मातकट, कोअर कमी’ एवढीच नोंद. त्या मातीत बोटभर तुकडे होते, एका बाजूने घासून चकचकीत झालेले, वर बारीक समांतर ओरखडे. म्हणजे इथे खडक एकमेकांवर घासून सरकले होते: नॉर्मल फॉल्ट (भेगेच्या वरची बाजू खाली घसरलेला), पूर्वेची बाजू खाली गेलेली. चौथ्याच्या शेजारी नवीन बोअर घेतलं, खोल नेलं, ओर लागलं. मशीन परत आणण्याचा खर्च वेगळा, पावसाळा तोंडावर आला तो वेगळा.

म्हणून मी कोअर लॉसची (कोअर किती हरवला त्याची) नोंद आधी वाचतो, ग्रेड (लोहाची टक्केवारी) नंतर. मात्र कोअर गायब म्हणजे फॉल्टच, असंही नाही. ब्लू डस्ट, म्हणजे भुकटी झालेलं उंची हेमॅटाइट, ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वाहून जातं आणि लॉगमध्ये ‘पोकळी’ म्हणून नोंदलं जातं. बाहेर पडणारा गाळ बादलीत धरा. बादली काही महाग पडत नाही.

याच चुकीचं दुसरं टोक: उभ्या बोअरने नॉर्मल फॉल्ट ओलांडला तर थराचा भाग गळतो, रिव्हर्स फॉल्ट (भेगेच्या वरची बाजू वर चढलेला) ओलांडला तर तोच थर पुन्हा येतो. दुसऱ्या प्रकारात उत्साही मंडळी ‘दोन ओरबॉडी’ (ओरचे दोन वेगळे साठे) जाहीर करतात. दोन्ही ओरच्या वर तोच शेल त्याच क्रमाने दिसत असेल तर पेढे वाटू नका.

उरलेल्या, थोडक्यात

डोंगराच्या पायथ्याशी पडलेले हेमॅटाइटचे धोंडे म्हणजे आउटक्रॉप (जागेवरचा उघडा खडक) नव्हे. ते वरून घरंगळलेत.

फॉल्टमधली चिकणमाती पाणी अडवतेही. एका बाजूला उत्तम ओर आणि चार पावलांवर कोरं बीएचक्यू दिसलं तर लॅबला शिव्या देण्याआधी मधली माती बघा.

मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) असलेल्या पट्ट्यावर उभं राहून होकायंत्राने फॉल्टची दिशा घेऊ नका. सुई खडकाचं ऐकते. मी दोन टोकांवरून उलटसुलट रीडिंग घेतो. त्यांत १८० अंशांचा फरक आला नाही, तर होकायंत्र पिशवीत टाकतो आणि जीपीएसच्या दोन बिंदूंवरून दिशा काढतो. मोबाइलमधल्या होकायंत्राला हाच नियम लागू आहे. त्यातही चुंबकीय सेन्सरच असतो, हे दर वर्षी कुणाला तरी नव्याने सांगावं लागतं.