आई-बाबा अमेरिकेत उतरले की आधी आय-९४ बघा

व्हिसा १० वर्षांचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अमेरिकेत किती दिवस राहता येईल, ते आय-९४ या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवरची तारीख ठरवते. पर्यटक व्हिसावर ती बहुधा सहा महिन्यांची असते. विमानाने येणाऱ्यांना २०१३ पासून कागदी कार्ड सहसा मिळत नाही, त्यामुळे ही नोंद आपणच उघडून बघावी लागते.

आई-बाबा घरी पोचले, चहा झाला, की मी लगेच सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा खात्याच्या) आय-९४ संकेतस्थळावर बसते. नोंद बघणं फुकट आहे. ती बघायला पैसे मागणारं पान दिसलं तर ते सरकारी नाही. नाव, आडनाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक अगदी पासपोर्टवर आहे तसंच भरायचं. नोंद सापडली नाही, तर नाव-आडनावाची अदलाबदल करून बघा. मग ‘ॲडमिट अनटिल’ची, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल ती तारीख तपासून छापून ठेवा. बाबांचा पासपोर्ट लवकर संपणार होता, तर त्यांना तेवढ्याच तारखेपर्यंतची मुदत मिळाली. आईला मात्र पूर्ण सहा महिने! म्हणून दोघांची नोंद वेगवेगळी बघा. चूक आढळली तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयाशी (अशा नोंदीतल्या चुका तिथे दुरुस्त होतात) संपर्क साधा.

आई-बाबा भारतात परतल्यावर त्याच संकेतस्थळावरच्या ‘ट्रॅव्हल हिस्टरी’त (प्रवासाच्या नोंदींत) निर्गमन दिसतंय ना, तेही पाहा. तोवर बोर्डिंग पास टाकू नका.