विंडोज १० वरून ११ वर जाताय? या चुका टाळा

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून दुरुस्तीच्या टेबलावर एक वेगळीच तक्रार वाढली आहे: मशीन ठणठणीत, पण काम ठप्प. विंडोज ११ सुरू होतं, स्क्रीन झकास दिसते, इंटरनेटही चालतं. फक्त प्रिंट निघत नाही, टेंडरवर सही होत नाही, नाहीतर लग्नपत्रिकेची जुनी फाइल उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या नावाने खडे फोडायला माझी हरकत नाही. पण यातली बरीच दुखणी सिस्टिमला वर्षानुवर्षं चिकटलेल्या गोष्टींची असतात, आणि त्यांची चौकशी अपग्रेडचं बटण दाबायच्या आधी करायची असते.

घाबरून घाई करणं

मुदत संपली म्हणजे विंडोज १० बंद पडलं असं नाही. ते चालतंच, फक्त सुरक्षेचे नवे अपडेट येणं थांबतं. घरगुती वापरासाठी त्यावरही तोड आहे. वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर ती फुकटही मिळते. अट एवढीच की विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी.

त्यामुळे अपग्रेडची तारीख तुम्ही ठरवा. जीएसटीआर-३बी भरायच्या २० तारखेच्या तोंडावर किंवा जुलैअखेर रिटर्न भरायच्या गर्दीत हा उद्योग करू नका. यूपीएस धड नसेल तर पावसाळ्यात वीज ये-जा करत असताना तर नकोच.

"मशीन चालणार नाही" हे लगेच मान्य करणं

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा तपासणी प्रोग्राम लाल फुली दाखवतो आणि लोक सरळ नवा संगणक बघायला निघतात. पण असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये टीपीएम बऱ्याचदा असतं, नुसतं बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने सापडेल, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने.

इथेच पुढची फसगत होते. सिक्युअर बूटसाठी कुणीतरी बायोसमध्ये लेगसी ही जुनी बूट पद्धत बदलून यूईएफआय ही नवी करतं आणि मशीन "बूट डिव्हाइस नाही" म्हणून अडून बसतं. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते, यूईएफआयला विंडोज सुरू करायला जीपीटी ही नवी पद्धत लागते. असं झालं तर फॉरमॅट मारू नका. बायोस परत लेगसीवर न्या, विंडोज पूर्वीसारखं उघडेल. मग डेटाची नक्कल बाहेर घ्या आणि विंडोजमध्येच असलेल्या एमबीआरटूजीपीटी या साधनाने आधी तपासणी, मग रूपांतर करा. बायोसला हात त्यानंतर लावा.

लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी तो तात्पुरता थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवरून उघडून दिलं असेल, तर की त्याच्याकडे आहे. हा घोळ दिसतो त्याहून बराच जास्त ठिकाणी आहे, आजच तपासा.

अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारेही भेटतात. टाकता येतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर कोअर टू ड्युओसारखे प्रोसेसर बूटच होत नाहीत. कामाच्या मशीनवर हा प्रयोग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ४ जीबी रॅम व जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर नियमात बसत असूनही ते रांगेल. आधी एसएसडी बसवा, मग विंडोजचं बघू.

३२ बिटकडे दुर्लक्ष

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. सध्याचं विंडोज १० ३२ बिटचं असेल तर थेट अपग्रेड होत नाही, कोरी करकरीत सिस्टिम टाकावी लागते. त्याहून मोठी अडचण अडत दुकानांत आणि लहान पतसंस्थांत येते. तिथे डॉसवरच्या फॉक्सप्रोत लिहिलेला हिशेब अजून चालू असतो, आणि १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर उघडतच नाहीत. ड्रायव्हर शोधत बसू नका, तो प्रश्नच नाही. डॉसबॉक्ससारख्या, नव्या मशीनवर डॉस चालवणाऱ्या साधनात तो प्रोग्राम आणि त्याची छपाई आधी दुसऱ्या मशीनवर चालवून पाहा, किंवा जुनं मशीन इंटरनेट काढून फक्त त्या कामाला ठेवा.

"माझं सगळं डी ड्राइव्हला आहे"

हे वाक्य ऐकलं की मी डेस्कटॉप उघडून दाखवायला सांगतो. तिथे शंभरेक फायली पसरलेल्या असतात, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, आउटलुकची मेलफाइल, ब्राउझरमधले पासवर्डही तिथेच. टॅलीचा डेटा कुठे आहे ते टॅलीतच पाहून घ्या, अंदाजाने नको. फॉरमॅट करणार असाल तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा. आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही. त्यातली एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

मराठी फॉन्ट गृहीत धरणं

डीटीपीवाल्यांनी हा भाग नीट वाचावा. जुन्या विंडोजवरून थेट अपग्रेड केलं तर फॉन्ट जागच्या जागी राहतात. "फ्रेश टाकून देतो" म्हणत सी ड्राइव्ह पुसला की ते जातात. मग फोन येतो: "दादा, सगळा मजकूर उडाला हो!"

मजकूर उडालेला नसतो. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाइलमध्ये साठतात ते इंग्रजी अक्षरांचे संकेत, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसला की आतला कच्चा माल दिसायला लागतो. म्हणून फाइलमध्ये काहीही टाइप न करता, सेव्ह न करता बंद करा आणि तोच फॉन्ट परत बसवा. "त्याच्यासारखा दिसणारा" चालणार नाही. वेगळ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये संकेतांची मांडणी वेगळी असते, आणि मग काना-मात्रा भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात.

फॉन्ट बसवूनही पेजमेकर किंवा जुन्या कोरलच्या यादीत दिसत नाही, अशीही तक्रार असते. फॉन्टवर डबल क्लिक करून नुसतं इन्स्टॉल केलं की तो फक्त त्या युजरपुरता, वेगळ्या फोल्डरमध्ये बसतो, आणि जुने प्रोग्राम तिकडे पाहत नाहीत. फॉन्टवर राइट क्लिक करून सर्व युजरसाठी इन्स्टॉल करा, मग प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.

युनिकोडवाल्यांचा, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणारा मजकूर वापरणाऱ्यांचा, प्रश्न वेगळा. कोऱ्या विंडोजवर मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट नसतीलही. मग वर्ड मजकूर निर्मला या फॉन्टमध्ये दाखवतो, ओळी सरकतात, दोन पानांचा अर्ज तीन पानांवर जातो. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरीचे पूरक फॉन्ट शोधून घाला. टायपिंगसाठी गुगलचं जुनं ऑफलाइन इनपुट टूल आडवाटेच्या साइटवरून उतरवू नका. गुगलने ते देणं केव्हाच बंद केलंय. भाषांच्या यादीत मराठी घेतली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतात. विंडोज की आणि स्पेस दाबून अदलाबदल करा.

अपग्रेडच्या आधी दोन कामं मात्र कराच. फॉन्टचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि चालू कामांच्या फॉन्ट आतच ठेवलेल्या पीडीएफ काढा. लिपीचं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीत लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालत असेल तर डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का, तेही विचारून ठेवा.

टोकन आणि प्रिंटर शेवटी तपासणं

डिजिटल सहीचं टोकन (सहीचं प्रमाणपत्र असलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा) लावलं आणि प्रमाणपत्र दिसलं नाही, की लोक टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसेल ते बटण दाबतात. इनिशियलाइझ हे बटण अजिबात दाबू नका. त्याने प्रमाणपत्र पुसलं जातं, त्यातली खासगी की कुठेच नक्कल केलेली नसते, आणि सही नव्याने विकत घ्यावी लागते. पिन सतत चुकली तर टोकन लॉक होतं, तेव्हा अंदाजाचे खेळही नकोत. बहुधा फक्त टोकनचा नवा ड्रायव्हर हवा असतो. टेंडर पोर्टलसाठी जावा आणि सहीचा प्रोग्रामही पुन्हा टाकावा लागतो. एखादं जुनं सरकारी पान इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल तर एजमध्ये आयई मोड आहे.

जुन्या लेझर प्रिंटरसोबत आलेली सीडी बाजूला ठेवा आणि कंपनीच्या साइटवरून ६४ बिट ड्रायव्हर घ्या. तरीही तो चढत नसेल तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशन उघडा. मेमरी इंटेग्रिटी जुने ड्रायव्हर अडवते आणि कोणता अडवला त्याचं नावही दाखवते. ती कायमची बंद करण्यापेक्षा नवा ड्रायव्हर शोधलेला बरा.

दहा दिवस वाया घालवणं

अपग्रेडनंतर १० दिवस जुन्या विंडोजवर परत जाता येतं: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. ही सोय विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरवर चालते. सी ड्राइव्ह भरला म्हणून डिस्क क्लीनअपमध्ये ते उडवलंत तर परतीचा रस्ता बंद. तेव्हा या दिवसांत नुसतं वॉलपेपर बदलत बसू नका. पगारपत्रक काढा, ई-वे बिल काढा, पासबुक छापा, स्कॅनर चालवा.

डेस्कटॉपवरच्या फायलींशेजारी ढगाचं चिन्ह दिसू लागलं तर वनड्राइव्हने फोल्डर आपल्याकडे घेतले आहेत. मोफत जागा ५ जीबी, ती भरली की पुढच्या फायली वर जाणं थांबतं. वनड्राइव्हमधून फाइल डिलीट केली की मशीनवरूनही जाते, म्हणून जागा रिकामी करायला तिथे साफसफाई करू नका. सेटिंग्जमध्ये फोल्डर बॅकअप बंद करा आणि फायली कुठे राहिल्या ते पाहून परत आणा.

स्टार्ट बटण मधोमध गेल्याची कुरकूर मात्र सगळ्यात जास्त ऐकू येते. टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, अलाइनमेंट डावीकडे. राइट क्लिकचा जुना मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा.