जुना सीआरटी मॉनिटर: स्क्रू फिरवण्याआधी या चुका टाळा

माळ्यावरून उतरवलेला किंवा भंगारातून उचललेला सीआरटी, म्हणजे काचेच्या पिक्चर ट्यूबचा, मॉनिटर चालू झाला, की लोक लगेच मेनू उघडून चित्र सरळ करायला बसतात. गडबड इथूनच सुरू होते. ट्यूब स्थिरावायला अर्धा तास तरी द्या. तोवर रंग आणि चित्राचा आकार थोडाथोडा सरकतच असतो.

कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग दिसला की 'ट्यूब गेली' म्हणून मोकळं होऊ नका. बहुतेक वेळा पडद्यामागच्या धातूच्या जाळीत चुंबकत्व बसलेलं असतं. शेजारचा स्पीकर हलवा, डिगॉसचं, म्हणजे हे चुंबकत्व घालवणारं, बटण दाबा. धप्प आवाज होतो, चित्र थरथरतं, डाग जातो. पुरता गेला नाही तर बटण बडवत बसू नका. त्या सर्किटमधला थर्मिस्टर (तापला की करंट अडवणारा भाग) गार झाल्याशिवाय डिगॉसच्या कॉइलला पुरेसा करंट मिळत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा दाबा. पृथ्वीचं चुंबकत्वही यात लुडबुड करतं. म्हणून मॉनिटर आधी कायमच्या जागी ठेवा, डिगॉस करा आणि मगच तिरकं चित्र सरळ करा. टेबलाची दिशा बदलली, तर हे सगळं पुन्हा आलं.

ट्रिनिट्रॉनवर (सोनीच्या पिक्चर ट्यूबवर) एक-दोन बारीक आडव्या रेघा दिसतात. त्या जाळी धरून ठेवणाऱ्या तारांच्या सावल्या आहेत. त्यासाठी मेकॅनिककडे पैसे घालवू नका.

रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ असेल, म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा रेखाटलं जात असेल, तर पडदा लुकलुकतो. ८५ वर न्या, पण मॉनिटरची आडव्या फ्रिक्वेन्सीची (सेकंदाला किती आडव्या ओळी रेखाटता येतात त्याची) मर्यादा बघून. १०२४ बाय ७६८ ला ८५ हर्ट्झसाठी साधारण ६९ किलोहर्ट्झ लागतात.

सगळ्यात जास्त गोंधळ ब्राइटनेसचा. काळं किती काळं हे ब्राइटनेस ठरवतो, पांढऱ्याचा उजेड कॉन्ट्रास्ट. खोलीत अंधार करून, पूर्ण काळ्या चित्रावर ब्राइटनेस लावा. तो शून्यावर आणूनही पडदा राखाडी राहिला, वर तिरक्या पांढऱ्या रेघा दिसल्या, तर बहुधा एलओटीवरचा (आतल्या हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरवरचा) 'स्क्रीन' प्रीसेट, म्हणजे फिरवायचा स्क्रू, चढलेला असतो. तिथे हात घालू नका. आत २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो. पिक्चर ट्यूबचे टीव्ही उघडलेला जुना मेकॅनिक गाठा.

नाशिकच्या पावसाळ्यात मागून सूं-सूं आवाज आणि ओझोनचा उग्र वास आला, तर आधी प्लग काढा. अॅनोड कॅपभोवती (हाय व्होल्टेजची वायर ट्यूबला जोडते तिथल्या रबरी टोपीभोवती) धूळ आणि ओल साचली असण्याची शक्यता जास्त. ती सफाईही त्याच मेकॅनिककडून करून घ्या.