फोर्डची केबिन, कमिन्सचं इंजिन: पार्ट आणायला जाण्याआधी गाडीची कुंडली मांडा

पार्टच्या दुकानात गेलं की काउंटरवरचा पोरगा आधी विचारतो, गाडी कुठली आणि वर्ष कुठलं. साध्या गाडीला दोन शब्दांत उत्तर देता येतं. माझ्याकडे १९९५ ची फोर्ड एफ-३५० क्रू कॅब आहे, चार पूर्ण दारांची, आणि बॉनेट उघडलं की आत डॉजच्या ट्रकमधलं कमिन्सचं ५.९ लिटरचं १२ व्हाल्व्ह डिझेल इंजिन. 'पंचाण्णवची फोर्ड' म्हटलं की तो फोर्डच्या इंजिनाचा पार्ट काढून देतो, 'डॉज' म्हटलं की इंजिनाचं तेवढं जमतं पण रेडिएटरचा पाइप, एक्झॉस्ट, मोटर माउंट यातलं काही बसत नाही. इकडे अमेरिकेत अशा गाडीला फमिन्स म्हणतात, फोर्ड आणि कमिन्स मिळून. दोन मित्रांनी विचारलं की अशी गाडी घ्यायची तर पार्टांचं कसं करायचं, म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतोय.

ही खिचडी लोकांनी का केली ते आधी सांगतो, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. डॉजने १९८९ पासून पिकअपमध्ये कमिन्स द्यायला सुरुवात केली, इंजिन एकदम दणकट, पण चार पूर्ण दारांची केबिनच त्यांच्याकडे नव्हती, १९९८ ला क्वाड कॅब आली तरी तिची मागची दारं छोटी आणि उलटी उघडणारी. फोर्डकडे मोठी क्रू कॅब आधीपासून होती. मग लोकांनी केबिन याची, इंजिन त्याचं असं लग्न लावून दिलं. आणि हो, हे इंजिन आपल्याला परकं नाही बरं का, टाटाच्या १६१३ ला जे कमिन्स सिक्स बीटी यायचं तेच हे घराणं. गावाकडच्या मेस्त्रीला फोटो पाठवला तर तो इंजिन लगेच ओळखेल, फक्त गाडी बघून हसेल.

तर मुख्य मुद्दा असा की ही एक गाडी नाहीये, तीन-चार गाड्या आहेत. म्हणून दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पार्टापुढे तो कुठल्या गाडीतून आला ते लिहा. चेसिस नंबर फक्त केबिन आणि फ्रेमबद्दल खरं बोलतो, बाकी कशाबद्दल नाही. तरी तो वाचाच. १७ अक्षरांतलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, एस म्हणजे १९९५, टी म्हणजे १९९६, व्ही म्हणजे १९९७. आठवं अक्षर कंपनीतून निघताना कुठलं इंजिन होतं ते सांगतं. माझ्या गाडीला तिथे जी आहे, म्हणजे मूळची ७.५ लिटरची पेट्रोल गाडी. एफ असतं तर मूळचं ७.३ पॉवरस्ट्रोक डिझेल.

हे अक्षर लोक बघतच नाहीत आणि मग डोकं धरून बसतात. मूळची पेट्रोल गाडी असेल तर टाकीत पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप असतो, तो काढलाय का, उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन धड आहे का ते बघा. टाकीचं तोंड बघा, पेट्रोलचं तोंड अरुंद असतं आणि डिझेलचं नोझल त्यात जातच नाही, माझ्या आधीच्या मालकाने तिथे चक्क पत्रा कापून ठेवला होता. ब्रेकचंही तसंच. पेट्रोल इंजिन व्हॅक्यूम तयार करतं आणि ब्रेक हलका करणारा बूस्टर त्यावर चालतो, डिझेलला तो व्हॅक्यूम नाही, म्हणून डॉजचा व्हॅक्यूम पंप पाहिजे नाहीतर पॉवर स्टिअरिंगच्या दाबावर चालणारा हायड्रोबूस्ट. कुठला बसवलाय ते वहीत लिहा, कारण उद्या ब्रेकचा पार्ट मागायला गेलात तर हाच प्रश्न येणार.

आता इंजिन. 'नाइन्टी फाइव्हचं डॉजचं आहे' असं विकणारा म्हणेल, ऐकून घ्या आणि सोडून द्या. इंजिनच्या पुढच्या गिअर हाउसिंगवर, डिझेल पंपाच्या बाजूला, कमिन्सची पट्टी असते, ग्रीस आणि चिखलाखाली लपलेली. वायर ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन हळूच साफ करा, ग्राइंडर लावू नका, आकडे उडतील. त्यावर इंजिनचा सीरियल नंबर आणि सीपीएल नंबर असतो. सीपीएल म्हणजे हे इंजिन कुठल्या पार्टांचा संच घेऊन बाहेर पडलं त्याचा नंबर. सीरियल नंबर कमिन्सच्या क्विकसर्व्ह साइटवर टाकला की त्याच इंजिनाची पार्ट लिस्ट निघते. हे इंजिन फक्त डॉजमध्ये नव्हतं, बसमध्ये होतं, शेतीच्या मशीनमध्ये होतं, जनरेटरला होतं. तसलं इंजिन स्वस्तात मिळतं म्हणून लोक घालतात, आणि मग ऑइल चेंबरचा आकार वेगळा, फ्लायव्हील हाउसिंग वेगळं, इंजिन बंद करायचा सोलेनॉइड (विजेवरचा खटका) २४ व्होल्टचा, असे एकेक चमत्कार निघत राहतात.

पट्टीच नसेल तर डोळ्यांनी ओळखायचं. वर सहा सुटी टॅपेट कव्हरं म्हणजे १२ व्हाल्व्ह, एकच लांब कव्हर म्हणजे २४ व्हाल्व्ह. मग डिझेल पंप बघा. डॉजमध्ये १९९३ पर्यंत बॉशचा व्हीई पंप होता, छोटा, गोल, नोझलच्या (म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझल, बंकावरचं नव्हे) लाइनी मागच्या तोंडातून गोलाकार निघतात. १९९४ ते १९९८ मध्ये पी ७१०० आला, लांबडा, जड, सहा लाइनी वरून एका ओळीत. पंपावर बॉशचा नंबर असतो, ०४६० ने सुरू झाला तर व्हीई, ०४०२ ने झाला तर लाइनीतला, म्हणजे पी. पंप ओळखला की बरंच काही आपोआप ठरतं. व्हीईवाल्या डॉजच्या इंजिनाला ९ मिलिमीटरची नोझल, पी पंपवाल्याला ७ ची.

माझी फजिती इथेच झाली. लिफ्ट पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून डिझेल पंपाला देणारा छोटा पंप, गेला म्हणून ऑनलाइन '५.९ कमिन्स १२ व्हाल्व्ह' टाकून स्वस्तातला मागवला, दिसायला ठीक, बोल्टही बसले, गाडी चालू पण झाली. पण चढाला मरतुकडी, दोन आठवडे मी फिल्टर बदलतोय, लाइनी तपासतोय, टाकीत हात घालतोय, आणि शेवटी कळलं की तो डायफ्रामवाला कमी दाबाचा पंप व्हीईसाठीचा होता. पी पंपाला पिस्टनवाला जास्त दाबाचा लागतो. विकणाऱ्याची पण चूक नाही म्हणा, मी सांगितलंच अर्धवट. तेव्हापासून नियम केलाय, जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय आणि त्यावरचा नंबर वाचल्याशिवाय नवा मागवायचा नाही.

१२ व्हाल्व्ह असेल तर एक गोष्ट घेतल्या घेतल्या करा. पुढच्या गिअर हाउसिंगमध्ये एक छोटी स्टीलची डॉवेल पिन असते, ती वर्षानुवर्षांच्या थरथरीने हळूहळू बाहेर सरकते आणि पडली तर थेट गिअरमध्ये. लोक तिला किलर डॉवेल पिन म्हणतात ते उगाच नाही. ती अडवायला छोटी पत्र्याची पट्टी मिळते, किंमत किरकोळ, काम मात्र पुढचं कव्हर उघडायचं, म्हणून सील आणि गॅस्केट आधीच आणून ठेवा. २४ व्हाल्व्ह असेल तर ब्लॉकच्या बाजूला ओतीव ५३ हा आकडा आहे का बघा, त्या ब्लॉकना पाण्याच्या जॅकेटपाशी तडा जायची ख्याती आहे, मी तरी तशी गाडी घेणार नाही.

खरी मारामारी जोडांवर आहे. इंजिनाचे पार्ट मिळतात, फोर्डचे मिळतात, पण दोघांच्या मधे जे काही बसवलंय ते कुठल्याच पुस्तकात नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधे अडॅप्टर प्लेट असते. डॉजचाच गिअरबॉक्स सोबत आणला असेल तर सोपं, एनव्ही ४५०० असेल तर क्लच डॉजचा मागायचा. फोर्डचा झेडएफ पाचगिअरी ठेवला असेल तर मात्र फ्लायव्हील कुठलं, क्लच प्लेट किती इंची, मधल्या स्प्लाइनचे दात किती, सेल्फ कुठल्या बाजूला, हे सगळं अडॅप्टर बनवणाऱ्यावर अवलंबून. प्लेटवर बनवणाऱ्याचा शिक्का शोधा, फोटो काढा. गिअरबॉक्स कधीही खाली उतरवलात तर त्या दिवशी व्हर्नियर घेऊन सगळी मापं वहीत घ्या, परत उतरवायची हौस कुणाला आहे. सेल्फ नुसता टकटक करत असेल तर मात्र लगेच नवा शोधू नका, डॉजवरच्या डेन्सो सेल्फमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजतात, ते सुटे मिळतात.

पट्टे आणि पाइप यांचं सोपंय, जुन्यावरचा नंबर वाचा. गेट्सच्या पट्ट्यावर के०८ असेल तर आठ खाचा, के०६ तर सहा, पुढचे आकडे लांबीचे. रेडिएटरचे पाइप बहुतेक वेळा कुठल्या तरी तिसऱ्याच गाडीचे कापून लावलेले असतात, नंबर पुसायच्या आत लिहून घ्या. अल्टरनेटर बघताना एवढंच बघा की डॉजच्या अल्टरनेटरचं चार्जिंग डॉजचा कॉम्प्युटर सांभाळतो, आणि तो कॉम्प्युटर तुमच्या गाडीत बहुधा नसतोच, म्हणून शहाण्या माणसाने आत रेग्युलेटर असलेला दुसरा बसवलेला असतो. प्लगचा फोटो घेऊनच दुकानात जा.

आता खाली वाका. मागच्या अॅक्सलच्या कव्हरचे बोल्ट मोजा, १२ असतील तर फोर्डचा स्टर्लिंग १०.२५ धरून चाला. पुढचा अॅक्सल डाना ६० असेल तर कव्हरला १० बोल्ट आणि नळीवर ठोकलेला बीओएम नंबर, त्यावरून आतला सगळा माल कळतो. कव्हरच्या बोल्टला छोटा टॅग लटकत असतो, त्यावर ३.५५ का ४.१० (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ते बघा, मधे एल असेल तर लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा. पेट्रोल गाड्यांना ४.१० बऱ्याचदा असतो आणि कमिन्स हे कमी फेऱ्यांचं इंजिन, हायवेला बिचारं बोंबलत जातं, ३.५५ असेल तर पाचशे डॉलर जास्त द्यायला हरकत नाही. टॅग नसेल तर चाक उचला, प्रोपेलर शाफ्टला खडूने खूण करा आणि फेऱ्या मोजा. अॅक्सल बदललेला असेल आणि स्पीडोमीटर बंद असेल तर आश्चर्य नको, या फोर्डना वेगाचा सिग्नल मागच्या अॅक्सलमधल्या सेन्सरकडून येतो.

चाकांचा सापळा तर हमखास. १९९७ पर्यंतच्या एफ-३५० ला आठ बोल्ट, साडेसहा इंचाच्या वर्तुळावर, म्हणजे १६५.१ मिलिमीटर, डॉजलाही तेच. १९९९ च्या सुपर ड्यूटी या नव्या ट्रकपासून फोर्डने १७० मिलिमीटर केलं. पाच मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, भंगारवाला 'फोर्डचंच आहे, बसेल' म्हणतो. बसत नाही. ठोकून बसवायचा प्रयत्न तर मुळीच करू नका.

पार्ट कुठून घ्यायचे म्हणाल तर डिझेल पंप, नोझल, लिफ्ट पंप, सील हे नवे किंवा भरवशाच्या माणसाने रिबिल्ड केलेले. दारं, काचा, सीट, पाटे, अॅक्सल हे भंगार यार्डातून, तिथे हॉलंडरचा इंटरचेंज नंबर चालतो, कुठल्या कुठल्या वर्षांचा पार्ट एकमेकांत बसतो ते त्यावरून यार्डवालाच सांगतो. समोरचे पाटे मात्र डिझेल किंवा स्नो-प्लाउवाल्या (पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेल्या) गाडीचे घ्या, हे इंजिन सुमारे ११०० पौंडाचं आहे, पेट्रोलवाले पाटे बसून जातात.

कागदांचं राज्याराज्यात वेगळं आहे. कॅलिफोर्नियात १९९७ आणि त्याआधीच्या डिझेल गाडीला स्मॉग टेस्ट (आपल्या पीयूसीसारखी) नाही, पण कागदावर गाडी अजून पेट्रोल असेल तर ते आधी बदलून घ्यावं लागतं. विकणाऱ्याने हे केलंय का ते पैसे देण्याआधी विचारा, आणि त्याच्याकडे अडॅप्टर, क्लच, मोटर माउंटच्या जुन्या पावत्या असतील तर गाडीबरोबर मागून घ्या. माझ्या आधीच्या मालकाने बुटाच्या खोक्यात भरून दिल्या होत्या, तेलकट, अर्ध्या फाटलेल्या. क्लचची पावती त्यातच सापडली, प्लेटच्या नंबरसकट.