‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणणाऱ्यांनी टाळायच्या चुका

सांगलीत मी फिजिओथेरपी करते. पेशंट टेबलावर बसायच्या आधीच निदान सांगून मोकळा होतो, "मॅडम, मणक्यात गॅप आलाय." गॅप येत नाही हो. दोन मणक्यांमधली गादी सरकते, पायाकडं जाणाऱ्या शिरेला टेकते आणि कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ मारते.

रिपोर्ट बघून ऑपरेशन ठरवू नका. दुखणं सुरू होऊन पंधरा दिवस होत नाहीत, तोवर एमआरआयची फाइल काखेत. अहो, काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या शंभर जणांचा एमआरआय काढला तरी तिसेक जणांची गादी फुगलेली दिसते, ऐंशीच्या वयात ८४ जणांची. मी फिल्म बाजूला ठेवते आणि म्हणते, आधी टाचांवर चालून दाखवा. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत उतरते, सरकलेला तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच जिरवतं. नेदरलँड्समध्ये २८३ पेशंटवर झालेला अभ्यास २००७ साली छापून आला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आधी थांबून बघणाऱ्यांपेक्षा आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच.

याच्या उलटी चूक मला जास्त छळते. ‘थांबा’ म्हटलं की थांबतच राहणारे लोक. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका होते. ऑक्टोबर छाटणीत कळ सुरू झाली, माझ्याकडं आले ते एप्रिलची खरड छाटणी उरकून. मधल्या काळात कंबरपट्टा, शेक, पाठीवर पाय देऊन नस बसवणारा एक जण, शिवाय ‘बिनऑपरेशन, शंभर टक्के गॅरंटी’वाल्यांचं वीस बैठकांचं पॅकेज, पैसे आगाऊ. काकू हसत सांगत होत्या, "ह्यांची उजवी चप्पल बांधावरच ऱ्हाती आन् हे धा पावलं फुडं जात्यात, कळत बी न्हाई!" मला हसू आलं नाही. काकांना टाचांवर उभं केलं. डाव्या पायाची बोटं वर उचलली, उजवा पंजा फरशीला चिकटलेला. शीर दबून पायातली ताकद चालली होती आणि ते कळ कमी झाल्याच्या खुशीत होते. त्याच दिवशी सर्जनकडं पाठवलं. उरलेली कळ ऑपरेशननं गेली, पंजा अजून पुरता उचलत नाही.

कळ चार महिन्यांवर टिकली आणि एमआरआयमधली गादी त्याच शिरेवर असेल, तर ऑपरेशनचं नाव काढायला घाबरू नका. कॅनडात चार ते बारा महिने सायटिका, म्हणजे शीर दबून पायात मारणारी हीच कळ, असलेल्या १२८ जणांचा अभ्यास २०२० साली आला. सुरुवातीला दहापैकी आठच्या आसपास असलेली पायाची कळ सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात २.८ वर आली, बाकीच्यांची ५.२ वर. अभ्यास एकाच केंद्रातला, आणि ऑपरेशनमुळं नऊ जणांना त्रासही झाला, हेही सांगते. पण ‘मणक्याला सुरी लावली की माणूस अंथरूण धरतो’ हे पारावरचं शास्त्र सोडा.

किरकोळ चुका : आठवडेच्या आठवडे पडून राहणं. मोबाइलवर बघून ओणवं होऊन अंगठे धरणं. इंजेक्शननं चार आठवडे बरं वाटलं की लगेच खताची पोती उचलणं. ऑपरेशननं कंबरदुखीही जाईल असं धरून चालणं. ते मुख्यतः पायाच्या कळेसाठी असतं.

एक मात्र किरकोळ नाही. बसायच्या जागी बधिर वाटलं, लघवी अडकली किंवा नकळत झाली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच मोठं हॉस्पिटल गाठा.

थांबायचं तर मोजून थांबा. मी प्रत्येकाला कॅलेंडरवर रोज कळ दहापैकी किती ते लिहायला लावते आणि सकाळी दात घासताना टाचांवर दहा पावलं. तरण्या पोरांना याचा कंटाळा, त्यांना तिसऱ्या दिवशी फरक हवा असतो. सगळ्यात नेटकी नोंद विश्रामबागेतल्या एका आजींची. एकाच चौकटीत लिहिलेलं : "दूध २ लिटर, पाय ६." नवव्या आठवड्यात दूध तेवढंच होतं, पाय २.