ऐकलेला उपदेश पवित्र शास्त्रावर कसा पारखावा

आज आपल्या मंडळ्यांतील विश्वासणाऱ्यांच्या कानावर पडणारी शिकवण केवळ रविवारच्या व्यासपीठावरून येत नाही. ती मोबाइलवरच्या चित्रफितींतून येते, शेजारच्या घरातील कॉटेज मीटिंगमधून येते, उज्जीवन सभेच्या मंडपातून येते, आणि प्रत्येक वेळी तिच्या हातात एखादे वचन असतेच. वचन नसलेली खोटी शिकवण मी क्वचितच ऐकली आहे. म्हणून ‘त्यांनी शास्त्रातूनच सांगितले’ हे उत्तर मला कधीही पुरेसे वाटत नाही. अरण्यात येशूची परीक्षा घेताना सैतानानेही शास्त्रातूनच सांगितले होते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तो 91वे स्तोत्र उद्धृत करतो, आणि त्यातील ‘तुझ्या सर्व मार्गांत’ तुझे रक्षण करावे हा भाग वगळतो.

पारख कशी करावी हे विचारणाऱ्यांना दोन सल्ले हमखास मिळतात आणि ते दोन्ही टाकून द्यावेत असे माझे ठाम मत आहे. पहिला सल्ला असा की, प्रार्थना करा आणि मनाला शांती वाटली तर शिकवण खरी समजा. प्रार्थना अवश्य करावी, परंतु आपल्याला हवे तेच कोणी सांगितले तर मनाला शांती वाटतेच, आणि कान खाजतात म्हणून लोक मनासारखे शिक्षक जमवतील हे पौलाने तीमथ्याला आधीच लिहून ठेवले आहे. दुसरा सल्ला असा की, ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ असे देव म्हणतो, म्हणून देवाच्या सेवकाला प्रश्न विचारू नये. हे शब्द 105व्या स्तोत्रातील आहेत आणि तेथे विषय आहे अब्राहाम, इसहाक व याकोब यांचा, ज्यांना परक्या देशांत फिरताना राजांनी इजा करू नये म्हणून देवाने राजांना धमकावले. उपदेश तपासण्याचा तेथे संबंधच नाही. बिरुया नगरातील लोकांनी तर प्रत्यक्ष पौलाचे बोलणे दररोज शास्त्रात शोधून पाहिले, आणि लूकाने ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्यांची त्याबद्दल स्तुती केली आहे. गलतीकरांस पत्रात पौल स्वतः सांगतो की, अंत्युखियात त्याने केफाला, म्हणजे प्रेषित पेत्राला, तोंडावर विरोध केला. ज्याला प्रश्न खपत नाहीत, त्याची शिकवण अधिक काळजीपूर्वक पाहावी.

आता पायऱ्यांकडे येऊ. प्रथम, जे ऐकले ते एका सरळ वाक्यात लिहून काढावे. ‘खूप आशीर्वादित संदेश होता’ हे वाक्य नव्हे. ‘विश्वास पुरेसा असेल तर विश्वासणारा आजारी राहू शकत नाही’ हे वाक्य होय. त्याखाली वक्त्याने दिलेली वचने अध्याय व ओवी यांसह लिहावीत.

यानंतरची पायरी म्हणजे प्रत्येक वचन त्याच्या जागी जाऊन वाचणे. ही पायरी मला फार काळ जड गेली, आणि बहुतेकांचे पाऊल येथेच अडखळते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. संदर्भ पाहावा हे सर्वांना ठाऊक असते. तरीही तो पाहिला जात नाही, कारण जे वचन तपासायचे असते ते बहुधा आपल्या आवडीचे असते. ते घराच्या भिंतीवर टांगलेले असते, आईने मरणापूर्वी म्हटलेले असते, किंवा 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचे वचन म्हणून चिठ्ठीवर निघालेले असते. अशा वचनाच्या मागचीपुढची ओवी उघडताना हात कचरतो, कारण त्याने दिलेला आधार निसटेल अशी भीती वाटते.

उदाहरणासाठी यिर्मया 29:11 घेऊ. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे परमेश्वर तेथे म्हणतो. या एका ओवीवर व्यवसायवृद्धी, परदेशी नोकरी आणि यंदाच्या वर्षातच होणारी सुटका अशी वाटेल ती अभिवचने उभी केलेली मी ऐकली आहेत. आता 28व्या अध्यायाच्या आरंभापासून वाचावे. तेथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्व लोकांसमोर परमेश्वराच्या नावाने घोषणा करतो की, दोन वर्षांच्या आत बाबेलच्या राजाचे जू मोडेल आणि त्याने मंदिरातून नेलेली पात्रे परत येतील. लोकांना हवे होते ते हेच. पुढे यिर्मया त्याला सांगतो की, परमेश्वराने तुला पाठवले नाही, तू या लोकांना असत्यावर भरवसा ठेवायला लावत आहेस. आणि त्याच वर्षी हनन्या मरतो. 29वा अध्याय हे बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने पाठवलेले पत्र आहे. घरे बांधा, मळे लावा, लेकरांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, आणि तुमच्यातील संदेष्ट्यांना तुम्हांला फसवू देऊ नका, असे ते सांगते. दहाव्या ओवीत मुदत दिली आहे ती सत्तर वर्षांची. ते पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. म्हणजे झटपट सुटकेची खोटी आशा मोडून काढण्यासाठी लिहिलेल्या पत्रातील एक ओवी उचलून आज तीच झटपट आशा विकली जात आहे. व्यासपीठावरून यिर्मयाचे नाव घेतले जाते, पण शिकवण हनन्याची असते.

एवढे वाचल्यावर ते वचन हातातून जाते का? माझा अनुभव उलट आहे. सत्तर वर्षांच्या बंदिवासातही देव आपल्या लोकांना विसरला नाही, हे कळल्यावर ज्या घरात आजार हटत नाही आणि कर्ज फिटत नाही त्या घरातही ते वचन वाचता येते. चिठ्ठीवरचे वचन अशा घरात फेब्रुवारीपर्यंतही टिकत नाही.

या पायरीवर काही सावधगिरी बाळगावी. वाचन ओवीपासून सुरू करू नये. निदान एक अध्याय मागे जावे, आणि पत्र छोटे असेल तर ते पूर्ण वाचावे. ओव्यांच्या आकड्यांना कुंपण समजू नये, कारण अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातील आहे आणि नव्या कराराच्या ओव्यांना आजचे क्रमांक 1551 साली रोबेर एस्तियेन या मुद्रकाने दिले. लिहिणाऱ्या प्रेषितांपुढे हे आकडे नव्हते. दररोज एकच ओवी पाठवणाऱ्या अ‍ॅपवर विसंबून राहणे मी तर पूर्णपणे बंद करायला सांगतो. शक्य असेल तर बायबल सोसायटीच्या मराठी पवित्र शास्त्राबरोबर पंडिता रमाबाईंचे 1924 साली प्रसिद्ध झालेले भाषांतरही शेजारी ठेवावे. वाचून झाल्यावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: हे कोण कोणाला सांगत आहे, ते कोणत्या प्रसंगी सांगितले, आणि पहिल्या ऐकणाऱ्याला त्यातून काय समजले असते. योहानाच्या तिसऱ्या पत्रातील दुसरी ओवी श्रीमंतीचे अभिवचन म्हणून सांगितली जाते, पण या प्रश्नांपुढे ती गायसाला लिहिलेल्या पत्रातील प्रेमळ शुभेच्छा ठरते. ‘मला सर्वकाही शक्य आहे’ हे फिलिप्पैकरांस पत्रातील वाक्य परीक्षेतील यशाचे राहत नाही. बंदीत असलेला पौल तेथे भूक आणि विपुलता या दोन्हींत तृप्त राहण्याविषयी बोलत आहे.

पुढची पायरी सोपी आहे, मात्र ती गाळू नये. लिहून काढलेले वाक्य उरलेल्या शास्त्रासमोर ठेवावे. ‘विश्वास असेल तर आजार राहत नाही’ हे खरे असते, तर पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढे जायला नको होते, तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यांवर थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला द्यायला नको होता, आणि स्वतःच्या देहातील काट्यासाठी तीनदा विनंती केल्यावर ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर त्याला मिळायला नको होते. देव बरे करतो हे मी मनापासून मानतो, आणि याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करावी हेही मानतो. पण ती प्रार्थना आजाऱ्याच्या घरी जाऊन करायची आहे. तेलाची बाटली किंमत लावून विकण्याचा आधार मला तेथे कोठेही सापडत नाही. ‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या’ असे प्रभूने बारा शिष्यांना सांगितले ते रोग्यांना बरे करण्याच्या आज्ञेलाच जोडून.

त्यानंतर शिकवण ख्रिस्ताविषयी काय सांगते ते पाहावे. तो खरा देव आणि खरा मनुष्य आहे का, आणि त्याचे वधस्तंभावरील मरण तारणासाठी पुरेसे आहे का, की त्यात एखादा विधी, देणगी किंवा विशिष्ट सेवकाचा आशीर्वाद मिसळावा लागतो? 325 साली नायसिया येथे मंडळीने एरियसची, म्हणजे ख्रिस्त हा निर्माण केलेला आहे ही, शिकवण नाकारली ती तो खरा देव आहे का याच प्रश्नावर. प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचा उपासनेत म्हटला जाणारा सारांश, ज्याला पाठ आहे आणि समजला आहे, त्याला ही पायरी काही मिनिटांत ओलांडता येते. येथे चिन्हांनी व चमत्कारांनी दिपून जाऊ नये. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की, संदेष्ट्याने दिलेले चिन्ह खरे ठरले तरी तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नये.

परंपरांची पारख वेगळ्या रीतीने करावी लागते आणि येथे उत्साही तरुण मंडळी घाई करतात. शास्त्रात नाही ते सर्व टाका, असा नियम लावला तर रविवारची शाळा आणि छापील गीतपुस्तकही टाकावे लागेल. नारायण वामन टिळकांनी अभंगांतून ख्रिस्त गायला, आपल्या मंडळ्यांत पेटी-तबल्यावर भजने झाली, ख्रिस्ती कीर्तने उभी राहिली. त्यांतील एकही गोष्ट वचनाच्या विरुद्ध नाही आणि त्यांनी पुष्कळांना वचनापर्यंत आणले. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने दोष दिला तो वेगळ्या गोष्टीला: आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणून अर्पण केले असे सांगण्याची मुभा देऊन परंपरेने देवाची आज्ञाच रद्द केली होती. म्हणून प्रत्येक रूढीला विचारावे की, हिच्यामुळे देवाची एखादी आज्ञा मोडते का, आणि ही पाळली नाही तर देव रागावेल असे कोणी शिकवते का? मुलाच्या मनगटाला काळा दोरा बांधणारे किंवा लग्नासाठी मुहूर्त पाहणारे ख्रिस्ती घर या प्रश्नापुढे टिकत नाही, कारण तेथे भरवसाच दुसरीकडे ठेवलेला असतो. चांगल्या उगमाच्या गोष्टीही येथे तपासाव्यात. पितळेचा सर्प मोशेने देवाच्याच आज्ञेवरून केला होता. पुढे लोक त्यापुढे धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले, आणि शास्त्र त्याला त्याबद्दल चांगलेच म्हणते.

पारख झाल्यावर निष्कर्ष लगेच कुटुंबाच्या किंवा मंडळीच्या ग्रुपवर टाकू नये. अपुल्लोच्या शिकवणीत उणीव दिसली तेव्हा प्रिस्किल्ला व अक्विल्ला यांनी त्याला आपल्याकडे घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. आपणही प्रथम पाळकसाहेबांना किंवा त्या भावा-बहिणीला एकटे भेटावे, लिहिलेले वाक्य आणि उघडलेला अध्याय पुढे ठेवावा, आणि त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. पुष्कळदा वक्त्याने ते वचन दुसऱ्याकडून जसेच्या तसे उचललेले असते आणि तो आनंदाने सुधारणा करतो. ते सुधारणा करत नसतील, तर मंडळीतील दोघा वडिलांना सोबत न्यावे. आणि ख्रिस्ताविषयीच्या किंवा तारणाविषयीच्या मूळ सत्यावर शिकवण वाकडी असेल, तर त्या सभेला जाणे व तिला दान देणे थांबवावे.

एका बाबतीत मात्र हा क्रम पाळत बसू नये. अशा शिकवणीमुळे घरातील कोणी मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा क्षयाची औषधे बंद केली असतील, तर वचनांची चर्चा नंतर करावी आणि त्याच दिवशी त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे न्यावे. वाटेत ती म्हणाली की हे अविश्वासाचे लक्षण आहे, तर तिला कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय दाखवावा, जेथे पौल लूकाचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा करतो.