निवृत्त सैनिकाचा स्मृतिलेख लिहिताना

घरातील वृद्ध सैनिक गेल्यानंतर तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला वाचून दाखवण्यासाठी काही लिहावे असे ठरते, आणि बहुतेक घरांत तो कागद शौर्य, शिस्त आणि देशप्रेम या तीन शब्दांनीच भरून जातो. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे लालबागच्या चाळीत राहिले. वर्दीत काढली त्याच्या दुपटीहून अधिक वर्षे त्यांनी बशीतला चहा, ओले बोंबील आणि ट्रान्झिस्टर यांच्या सोबतीने काढली. लेखातही साधारण हेच प्रमाण दिसावे, असे माझे मत आहे.

सुरुवात मात्र कागदांपासून करावी. ट्रंक आवरायला घेण्यापूर्वी डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक), पेन्शनचे कागद आणि पदके बाजूला काढून त्यांचे फोटो घ्यावेत. भरतीची व निवृत्तीची तारीख, पलटण आणि हुद्दा डिस्चार्ज बुकावरूनच उतरवून घ्यावा. पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. ते भिंगाने वाचावे, पण चकाकी आणण्यासाठी पदक चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नये, कारण आधी ही अक्षरेच झिजतात.

कोणते पदक कशासाठी मिळते हे समजून घेतल्याशिवाय युद्धाबद्दल एक ओळही लिहू नये. 1965 चे रक्षा मेडल त्या काळात सेवेत असलेल्या बहुतेक सैनिकांना मिळाले, तर समर सेवा स्टार प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांना मिळाला. 1971 च्या बाबतीतही संग्राम मेडल सर्वसाधारण होते. ‘पूर्वी स्टार’ हे पदक पूर्व आघाडीचे आणि ‘पश्चिमी स्टार’ पश्चिम आघाडीचे. आमच्या घरात ‘1965 ला लाहोरकडे होते’ असे वर्षानुवर्षे सांगितले जात असे, आणि मी तेच लिहून तेराव्याला वाचूनही टाकले. जेवणानंतर त्यांच्या पलटणीतील एका गृहस्थांनी मला हळूच बाजूला घेऊन सांगितले की त्या वर्षी ते दोघेही बेळगावच्या सेंटरवर नव्या भरतीला कवायत शिकवत होते. ट्रंकेत रक्षा मेडल होते, समर सेवा स्टार नव्हता. मी फक्त पाहिले नव्हते.

हुद्द्याबाबतही हीच काळजी घ्यावी. काही हवालदारांना मानद नायब सुभेदार हा हुद्दा दिला जातो. तसा असल्यास ‘मानद’ हा शब्द गाळू नये. आणि वयाच्या शेवटी अंथरुणात शांतपणे गेलेल्या माणसाच्या फलकावर ‘शहीद’ लिहू नये, मंडळाच्या कार्यकर्त्यांनी कितीही आग्रह केला तरी.

वडिलांकडे ‘पूर्वी स्टार’ होता आणि पलटण होती जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जी डिसेंबर 1971 मध्ये आताच्या बांगलादेशातील जमालपूरला लढली. एवढे मी लिहिले आणि थांबलो. त्या रात्रींबद्दल ते स्वतः कधी बोलले नाहीत, त्यामुळे तेथील चिखल, थंडी किंवा गोळ्यांचे आवाज माझ्या कल्पनेतून त्यांच्या तोंडी घालण्याचा मला अधिकार नव्हता.

उरलेल्या आयुष्यासाठी घराबाहेरच्या माणसांकडे जावे. ‘ते कसे होते?’ असे विचारल्यास ‘देवमाणूस’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी किती वाजता येत, कुठे बसत, काय घेत, कशावरून चिडत, असे विचारावे. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने सांगितले की ते साडेसहाला येत, कटिंग बशीत ओतत आणि पहिली बशी संपेपर्यंत पेपरची घडी मोडत नसत. बाजारातील मावशींनी सांगितले की ते बोंबील अंगठ्याने दाबून ‘कालचे दिसतात’ असे रोज म्हणत आणि रोज घेऊन जात. पुढचे मी स्वतः पाहिलेले आहे: बोंबील चिरून, फडक्यात गुंडाळून ते पाट्याखाली ठेवत, पाणी निथळेपर्यंत शेजारी स्टुलावर बसून राहत आणि मगच तवा तापवायला सांगत, त्या अर्ध्या तासात पाट्याला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. संध्याकाळी विविध भारतीवर फौजी भाइयांसाठीची ‘जयमाला’ लागली की आवाज वाढवत. निवेदकाने पलटणीचे नाव घेतले, तर गाणे सुरू होण्याआधीच मान डोलवत.

अशा दोन-तीन गोष्टीच निवडाव्यात आणि त्या सविस्तर लिहाव्यात. बिडी, पत्ते, रविवारची दाढी, कॅन्टीनची रम हे सारे एकाच परिच्छेदात कोंबले की यादी होते आणि ऐकणाऱ्यांच्या मनात एकही चित्र उभे राहत नाही. रमचा उल्लेख करावा की नाही, हे मात्र घरातील वडीलधाऱ्या बाईंना विचारून ठरवावे. आमच्या आईने ‘लिही, पण एकच पेग लिही’ असे सांगितले.

लेख चारशे शब्दांच्या आत ठेवावा, म्हणजे सावकाश वाचला तरी तीन-चार मिनिटांत संपतो. वाचण्याआधी पलटणीतील कोणी हयात असल्यास त्यांना एकदा ऐकवावा. मी हे उशिरा शिकलो, म्हणून वर्षश्राद्धाला दुरुस्त केलेली प्रत वाचली. त्या प्रती मोठ्या टायपात छापून घ्याव्यात, कारण ज्यांना त्या घरी न्यायच्या असतात त्यातील बरेच जण ऐंशीच्या पुढचे असतात आणि चष्मा घरी विसरून आलेले असतात.